पैसे घेऊन खेळणारा माणूस : सुभाष गुप्ते यांची कारकीर्द

(कोहमारा, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या खेपेला मी इथं आलो होतो तेव्हा विषय होता 'कर्तव्य'. गीता झाली, कांट झाला, दीड तास मी बोललो. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर मागे दाराजवळ उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "सर, आयपीएलमध्ये पैसे घेऊन खेळतो तो माणूस नेमका कोणासाठी खेळतो?" सगळे हसले. मीही हसलो आणि काहीतरी उत्तर दिलं. बस साकोलीच्या पुढे गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझं उत्तर पोकळ होतं. आयुष्यभर पगार घेऊन तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं 'पैसे घेऊन' या शब्दांवर नाक मुरडावं, हे जरा अतीच झालं. म्हणून आज पुन्हा आलो आहे. तो मुलगा आज आला आहे की नाही, माहीत नाही. आला नसेल तर कोणीतरी त्याला सांगा.

आयपीएल सुरू झाली २००८ साली. पण पैसे घेऊन परदेशातल्या संघाकडून खेळणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. त्यात आपली मराठी माणसंही होती. आज मी त्यांतल्या एकाबद्दल बोलणार आहे. सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते. हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. चार. चारही हात साठीच्या पुढचे दिसतात.

गुप्ते मुंबईचे. जन्म ११ डिसेंबर १९२९. लेगस्पिन टाकायचे. ३६ कसोटी सामने, १४९ बळी. देशात मुंबईकडून खेळले, बंगालकडून खेळले, राजस्थानकडून खेळले. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या एका गिरणीगावाचे ते पगारी खेळाडू होते. पुढे त्रिनिदादमध्ये राहायला गेले, तिथूनही प्रथम श्रेणीचे सामने खेळले आणि तिथेच वारले. गॅरी सोबर्स, ज्यांच्यासारखा अष्टपैलू खेळाडू जगानं दुसरा पाहिला नाही असं बहुतेक जाणकार मानतात, ते सांगत राहिले की मी पाहिलेला सर्वांत चांगला लेगस्पिनर म्हणजे गुप्ते. शेन वॉर्न येऊन गेल्यावरही त्यांनी मत बदललं नाही.

आता लेगस्पिन म्हणजे काय, हे ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. उजव्या हाताचा माणूस मनगट फिरवून चेंडू टाकतो आणि टप्पा पडल्यावर तो उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर जातो. त्याच हालचालीत, मनगट जरा आणखी वळवून, तो कधीतरी आत येणारा चेंडू टाकतो. ती गुगली. गंमत अशी की दोन्ही वेळा हात सारखाच दिसला पाहिजे. गुप्त्यांकडे एक नाही, दोन प्रकारच्या गुगली होत्या असं त्यांच्याविरुद्ध खेळलेले लोक सांगत. ही कला अवघड तर आहेच, शिवाय ती फार परावलंबी आहे. वेगवान गोलंदाज यष्ट्या उडवतो, त्याला कोणाची गरज नसते. लेगस्पिनरला झेल घेणारे लागतात, गुगली ओळखणारा यष्टिरक्षक लागतो, चार चौकार गेले तरी चेंडू काढून न घेणारा कर्णधार लागतो. हे 'परावलंबी' लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येईल.

त्यांचं टोपणनाव होतं 'फर्गी'. वेस्ट इंडीजचा संघ १९४८-४९ मध्ये भारतात आला, त्यात विल्फ्रेड फर्ग्युसन नावाचा लेगस्पिनर होता. त्याच्यावरून मित्रांनी गुप्त्यांना ते नाव दिलं. फर्ग्युसन कुठला? त्रिनिदादचा. म्हणजे ज्या बेटावर हा माणूस पुढे घर करणार होता, त्या बेटावरचं नाव त्याला विशीच्या आतच मिळालं होतं. मी नशीब वगैरे मानत नाही, पण ही गोष्ट वाचून मलाही जरा थांबावंसं वाटलं.

कसोटीत ते पहिल्यांदा खेळले १९५१च्या अखेरीस, कलकत्त्यात, इंग्लंडविरुद्ध. नाव झालं ते १९५३ साली वेस्ट इंडीजमध्ये. विजय हजारे कर्णधार होते. समोर वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, तिघेही भरात. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीत वीक्सनं द्विशतक ठोकलं आणि त्याच डावात गुप्त्यांनी १६२ धावांत सात बळी घेतले. मालिकेत २७ बळी झाले, दौऱ्यात ५०. त्याच दौऱ्यात त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या एका कुटुंबातल्या मुलीशी त्यांची ओळख झाली. पुढे लग्न झालं. घरगुती गोष्ट आहे, त्याहून जास्त मी बोलणार नाही.

आता लँकेशर.

इंग्लंडच्या वायव्येला हा कापडगिरण्यांचा मुलूख. आपला त्याच्याशी जुना संबंध आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला त्या वर्षांत भाव मिळाला आणि युद्ध संपल्यावर तो कोसळलाही. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा याच भागात ब्लॅकबर्नजवळ डार्वेनला जाऊन बेकार गिरणीकामगारांना भेटले होते. स्वदेशीमुळे ज्यांचा रोजगार गेला त्यांनाच भेटायला गेले, आणि त्या लोकांनी त्यांचं हसून स्वागत केलं. त्याच ब्लॅकबर्नला लागून रिश्टन नावाचं छोटं गिरणीगाव आहे. १९५०च्या दशकात गुप्ते या रिश्टनचे पगारी खेळाडू होते.

ही व्यवस्था समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लँकेशर लीग १८९२ साली सुरू झाली. जवळजवळची डझनभर गावं, प्रत्येकाचा एक क्लब, शनिवारी दुपारी सामना. संघात गावचे लोक : कोणी गिरणीत, कोणी दुकानात, कोणी शाळेत मास्तर. आणि प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू घ्यायची मुभा. त्याला ते नुसतं 'प्रो' म्हणत. हा प्रो जगातून कुठूनही आणायचा. नेल्सन या गावानं १९२९ साली त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाइन आणला, तो १९३७ पर्यंत राहिला. वीक्स बेकपला होता, वॉलकॉट एनफील्डला. आपल्याकडचे अमरसिंग कोलनला खेळले, लाला अमरनाथ नेल्सनला, आमच्या सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलला.

तुम्हाला हे परकं वाटत असेल तर झाडीपट्टीचं नाटक आठवा. दिवाळी झाली, धान घरात आलं की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. गावचं मंडळ वडशाला जातं, तिथल्या कंपनीकडे नाटक ठरवतं. कलाकार कुठले? कोणी नागपूरचा, कोणी थेट पुण्या-मुंबईचा. गाव तिकिटं विकतं, मंडप घालतं, बिदागी देतं आणि रात्रभर नाटक बघतं. त्या नटीला आपण 'पैशासाठी आली' म्हणतो का? नाही म्हणत. नाटक पडलं तर मात्र म्हणतो. (हशा.) रिश्टनचंही तेच होतं. गावानं वर्गणीतून, तिकिटातून, रॅफलमधून पैसे उभे करायचे, हजारो मैलांवरचा माणूस आणायचा आणि उन्हाळाभर त्याच्या जिवावर शेजारच्या गावाला हरवायचं.

या प्रोचं काम सोपं नव्हतं. दुपारभर एका टोकानं गोलंदाजी त्यानंच करायची, वरच्या क्रमांकावर फलंदाजीही करायची, आठवड्यात संध्याकाळी पोरांना शिकवायचं. गुप्त्यांची गुगली गिरणीतून सुटून आलेल्या हौशी यष्टिरक्षकाला कशी कळणार? स्लिपमधला मास्तर झेल सोडणार. आणि सोडला तरी सोमवारी दुकानात भेटणार तोच. तरी पगार ठरलेला, मुदत ठरलेली, काम ठरलेलं. शिवाय एक फार सुंदर चाल होती. प्रोनं पन्नाशी गाठली किंवा डावात पुरेसे बळी मिळवले, की मैदानाभोवती पेटी फिरायची. ज्याला जेवढं वाटेल तेवढं त्यानं टाकायचं. ती रक्कम त्या खेळाडूची.

ही पेटी वाचली आणि मला प्रोटॅगोरस आठवला. इलाज नाही, धंदा तोच. ग्रीक सोफिस्ट पैसे घेऊन शिकवत म्हणून प्लेटो त्यांच्यावर टीका करतो. सॉक्रेटिस अभिमानानं सांगतो, मी कोणाकडून कधी फी घेतली नाही. आम्ही तत्त्वज्ञानवाले अडीच हजार वर्षं सॉक्रेटिसच्या बाजूनं टाळ्या वाजवत आलो. पण प्लेटोनंच 'प्रोटॅगोरस' या संवादात एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. प्रोटॅगोरस म्हणतो : माझी फी ठरलेली आहे, पण शिष्याला ती जास्त वाटली तर त्यानं देवळात जावं, शपथेवर सांगावं की या शिक्षणाची किंमत त्याच्या मते किती, आणि तेवढेच पैसे द्यावेत. मला विचाराल तर पैशाच्या व्यवहारात यापेक्षा जास्त सचोटी मी क्वचित पाहिली आहे. सॉक्रेटिस फी घेत नव्हता हे खरं, पण त्याला श्रीमंत मित्र होते. जो फुकट काम करतो त्याच्या घरची चूल कोण पेटवतं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

क्रिकेटनंही तो बराच काळ विचारला नाही. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या. जाती हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पैसे न घेणारे ते 'जंटलमेन', पैसे घेणारे ते 'प्लेअर्स'. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारं वेगळी. गुणफलकावर हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची आडनावाच्या नंतर. लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस नावाच्या तरुण व्यावसायिक खेळाडूची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली, असा किस्सा आहे. हा भेद अधिकृतपणे संपला १९६२च्या अखेरीस. मधल्या काळात अनेक 'जंटलमेन' भत्ते आणि नावापुरत्या नोकऱ्यांच्या रूपानं पैसे घेतच होते, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे तोच आदर्श आला, पण आपल्याकडे जंटलमेन राजे होते. संस्थानिक खेळाडू पदरी ठेवायचे. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू होळकरांकडे गेले ते असेच. संस्थानं गेली तशी बँका, गिरण्या, कंपन्या आल्या. त्यांनी नोकरी द्यायची आणि खेळाडूनं त्यांच्या संघातून खेळायचं. आणि देशासाठी खेळणं? तो मान होता. मानाचा करार नसतो.

१९५२ची गोष्ट घ्या. विनू मंकड, तेव्हाचे भारताचे सर्वोत्तम अष्टपैलू. त्यांना लँकेशर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबचा प्रस्ताव होता. त्यांनी आपल्या बोर्डाला साधी गोष्ट विचारली : इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड नक्की करत असाल तर मी तिकडे नकार कळवतो. बोर्डानं हमी दिली नाही. मंकडांनी हॅस्लिंग्डनशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली, आणि मग बोर्ड हॅस्लिंग्डनच्या दारात गेलं. क्लबनं त्यांना मोकळं केलं. लॉर्ड्सवर मंकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, इंग्लंडच्या पहिल्या डावात पाच बळी घेतले, सामन्यात ९७ षटकं टाकली. ती कसोटी भारत हरला, तरी लोक तिला मंकडांची कसोटी म्हणतात. आता मला सांगा, यात शब्दाला जागलं कोण? मंकड जागले, गिरणीगावाचा क्लबही जागला. तिसऱ्यानं तर शब्द दिलाच नव्हता.

गुप्त्यांकडे परत येतो. पन्नासचं दशक त्यांचं होतं. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात मालिकेत २१ बळी. त्याच हंगामात मुंबईकडून खेळताना, पाकिस्तानातून आलेल्या संघाविरुद्ध एका डावात दहाच्या दहा बळी, ७८ धावांत. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पाच कसोटींत ३४ बळी. आणि मग डिसेंबर १९५८, कानपूर. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला. वेस्ट इंडीजचा डाव २२२ धावांत आटोपला, गुप्ते १०२ धावांत नऊ बळी. दहावाही मिळायचा. शेवटून खेळणाऱ्या लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाण्यांच्या हातून सुटला आणि नंतर गिब्जला वसंत रांजण्यांनी त्रिफळाचीत केलं. भारताचाही डाव नेमका २२२ वरच संपला, आणि सामना आपण २०३ धावांनी हरलो. त्या एका मालिकेत भारतानं चार कर्णधार वापरले : उमरीगर, गुलाम अहमद, मंकड, अधिकारी. लेगस्पिनरला कर्णधाराचा विश्वास लागतो म्हणालो ना मघाशी? विश्वास ठेवणारा माणूसच सारखा बदलत होता.

आता डिसेंबर १९६१. इंग्लंडचा संघ भारतात आला आहे. कानपूरला गुप्त्यांनी ९० धावांत पाच बळी घेतले आणि इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आली. भारताविरुद्ध त्यांच्यावर ती पहिल्यांदाच आली होती. पुढची कसोटी दिल्लीत. संघ इंपीरियल हॉटेलात उतरला. गुप्ते आणि ए. जी. कृपालसिंग एका खोलीत. कृपालसिंगनं स्वागतकक्षातल्या मुलीला फोन करून काम संपल्यावर सोबत पेय घ्यायला येण्याबद्दल विचारलं. तिनं तक्रार केली, आणि तिनं ती करावी हे योग्यच होतं. फोन गुप्त्यांनी केला नव्हता. पण खोली दोघांची होती. दोघांनाही संघातून काढण्यात आलं.

पुढे बोर्डाच्या पदाधिकाऱ्यांनी बोलावून विचारलं. गुप्त्यांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे त्यांना विचारलेला प्रश्न असा होता, की तुम्ही कृपालसिंगना थांबवलं का नाही. गुप्ते म्हणाले, एवढा धिप्पाड माणूस, मी कसा थांबवणार? हे उत्तर लोक विनोद म्हणून सांगतात. मला ते विनोदी वाटत नाही. प्रश्न बारकाईनं बघा. 'तू काय केलंस?' असा तो प्रश्न नाही. दुसऱ्यानं जे केलं ते होऊ का दिलंस, असा आहे. नीतिशास्त्रात अशा जबाबदारीला जागा आहे, नाही असं नाही. पोहता येणारा माणूस काठावर उभा राहून बुडणारं पोर बघत असेल, तर आपण त्याला दोष देतो. पण त्यासाठी दोन गोष्टी आधी दाखवाव्या लागतात : काय घडतंय हे त्याला कळलं होतं, आणि ते थांबवणं त्याच्या हातात होतं. शिवाय त्याचा दोष मूळ करणाऱ्यापेक्षा मोठा कधीच ठरू शकत नाही.

इथं नेमकं उलटं झालं. कृपालसिंग पुढे १९६४ पर्यंत भारताकडून कसोटी खेळले. गुप्ते पुन्हा कधीच खेळले नाहीत. बत्तिसावा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. लेगस्पिनरच्या हिशेबानं हे ऐन भराचं वय. त्याच मालिकेतले उरलेले दोन सामने, कलकत्ता आणि मद्रास, भारतानं जिंकले. इंग्लंडविरुद्धचा तो आपला पहिला मालिकाविजय. लगेच संघ वेस्ट इंडीजला गेला, जिथं १९५३ मध्ये गुप्त्यांनी २७ बळी घेतले होते. त्यांना नेलं नाही. भारत पाचच्या पाच सामने हरला. ते असते तर जिंकलो असतो असं मी म्हणणार नाही, हॉलपुढे आपली फलंदाजीच उभी राहत नव्हती. कर्णधार कॉन्ट्रॅक्टरांचं डोकं ग्रिफिथच्या चेंडूनं फुटलं ते याच दौऱ्यात. मुद्दा जिंकण्या-हरण्याचा नाही.

मुद्दा असा की गुप्त्यांना दाद मागायला जागाच नव्हती. रिश्टननं त्यांना मध्येच काढलं असतं तर कागद दाखवता आला असता : माझा काय कसूर, माझं उरलेलं वेतन कुठे? बोर्डाशी कागदच नव्हता. 'देशासाठी खेळणं हा सन्मान आहे' या वाक्याची दुसरी बाजू ही, की सन्मान देणाऱ्यानं तो न देण्याचं कारण सांगायचं नसतं. म्हणजे ज्या गावाला गुप्ते हा पैसे देऊन आणलेला परका माणूस होता, तिथं त्यांना हक्क होता. आणि जिथं ते आपले होते, तिथं मेहेरबानी होती.

इथं थांबलो असतो तर व्याख्यान सोपं झालं असतं. करार चांगला, मान वाईट. पण गुप्ते त्यानंतर गेले कुठे? त्रिनिदादला. आणि त्रिनिदादला जाऊन कराराचे गोडवे गाता येत नाहीत.

३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' नावाचं जहाज त्या बेटावर लागलं. त्यात हिंदुस्थानातून नेलेले मजूर होते. गुलामी संपली होती, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशी नेली गेली, बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून. पाच वर्षांचा करार असायचा. इंग्रजी 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं त्यांच्या तोंडी झालं 'गिरमिट', आणि ते झाले गिरमिटिये. तोही करारच होता. कागद होता, अंगठा होता, वेतन लिहिलेलं होतं. पण मळा सोडून परवानगीशिवाय बाहेर पडलात तर तुरुंग.

आपल्याकडेही हे कळायला फार लांब जावं लागत नाही. हा महामार्ग समोर आहे. हंगाम संपला की इथून माणसं ठेकेदाराची उचल घेऊन कामाला बाहेर जातात. उचल घेतलेल्या माणसाला विचारा, करार म्हणजे काय. तो तुम्हाला कांटपेक्षा नीट सांगेल.

तेव्हा मागच्या वेळी मी चुकलो ते असं. मी त्या मुलाला पैसा आणि निष्ठा यांतला फरक सांगत बसलो. पैसा हा फरकच नव्हता. रिश्टनचा प्रो आणि मळ्यातला गिरमिटिया, दोघेही पैसे घेऊन परक्या मुलखात काम करणारे, दोघांचाही करार. फरक एवढाच की एकाला हंगाम संपला की 'नको' म्हणून निघता येत होतं. भारतीय कसोटी खेळाडू या दोघांच्या मध्ये कुठेतरी लटकलेला होता. त्याला बांधून ठेवणारा कागद नव्हता आणि वाचवणाराही नव्हता. तो कोणासाठी खेळतो हे विचारण्याआधी, त्याला 'का?' असं विचारता येतं की नाही, हे विचारायला हवं होतं.

त्रिनिदादमधल्या वर्षांबद्दल थोडंच सांगतो. गुप्ते तिथं स्थायिक झाले, त्रिनिदादकडून खेळले. १९६३-६४ नंतर प्रथम श्रेणीचं क्रिकेट थांबलं. तोवर सगळे मिळून ५३० बळी झाले होते. १९७१ साली वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला, आणि भारतानं वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते पोर्ट ऑफ स्पेनमध्येच, गुप्त्यांच्या दारातल्या मैदानावर. सोबर्स आणि लॉइड यांना बाद करून तो सामना फिरवणारे सलीम दुराणी हे राजस्थानचे.

भारतीय बोर्डानं २००० साली त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. इंपीरियल हॉटेलच्या त्या प्रकाराला तेव्हा ३९ वर्षं होत आली होती. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला ते वारले. आदला दिवस ३० मे, त्या बेटावर दरवर्षी पहिल्या जहाजाची आठवण म्हणून पाळतात. सुट्टी असते.

माझं बोलणं झालं. वीज आहे तोवर प्रश्न घेऊ. आणि तो मुलगा आला असेल तर त्यानं पुढे यावं, दाराजवळ उभं राहू नये.